व्हिडिओ एडिट करताना आवाज कमी करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेसिपी, लग्न, कीर्तन, स्नेहसंमेलन किंवा मुलाखत, व्हिडिओ कोणताही असला तरी तक्रारी त्याच येतात: संगीत बोलण्यावर चढते, मध्येच दणका बसतो, कमी केलेला आवाज कमी होतच नाही. आमचे मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो. बोललेला प्रत्येक शब्द कळला पाहिजे, आणि त्यासाठी बोलणे वाढवत बसण्यापेक्षा बाकीचे खाली आणावे. पुढची बहुतेक उत्तरे याच विचाराने दिली आहेत.

१. क्लिपचा आवाज कमी करायची सोय नेमकी कुठे असते?

टाइमलाइनवरची क्लिप निवडली की जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती एक-दोन क्लिकवर सापडते. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये उजवीकडच्या इन्स्पेक्टरमध्ये ऑडिओ टॅब उघडा, व्हॉल्यूमची पट्टी तिथेच आहे. क्लिपवरून जाणारी आडवी रेघ माउसने खाली ओढली तरी तेच होते. प्रीमियर प्रोमध्ये क्लिप निवडून 'जी' दाबले की ऑडिओ गेनची चौकट उघडते. कीबोर्डवरच्या [ आणि ] या कळांनी आवाज एकेक डेसिबलने खाली-वर होतो. शॉटकटमध्ये आधी फिल्टर लावावा लागतो: फिल्टर्स, अधिकचे चिन्ह, ऑडिओ, मग 'गेन / व्हॉल्यूम'. केडेनलाइव्हमध्ये व्हॉल्यूमचा इफेक्ट क्लिपवर ओढून टाकायचा.

मोबाइलवरच्या इनशॉट, व्हीएन, काइनमास्टर यांत क्लिपवर बोट टेकवले की खाली स्पीकरचे किंवा व्हॉल्यूमचे चिन्ह दिसते. विंडोज ११ बरोबर येणाऱ्या क्लिपचॅम्पमध्येही अशी पट्टी आहे. आवाज पूर्ण बंदच करायचा असेल तर आयफोनवर वेगळे ॲप लागत नाही. फोटोजमध्ये व्हिडिओ उघडून 'एडिट' दाबा आणि स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारा.

मूळ फाइलला यातल्या कशानेही धक्का लागत नाही. एडिटर फक्त 'इतके कमी करून वाजव' अशी नोंद ठेवतो, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा.

२. डेसिबलचे आकडे उणे का असतात? निम्मा आवाज करायचा तर किती कमी करू?

डिजिटल आवाजात ० डेसिबल म्हणजे छत. त्याच्या वर आकडाच नाही, म्हणून मीटरवरची प्रत्येक पातळी छतापासून किती खाली आहे ते उणे आकड्यात लिहिले जाते. सर्वात मोठी उसळी -६ म्हणजे छताला अजून ६ डेसिबल जागा आहे.

हे मोजमाप बेरजेने नाही, पटीने चालते. ६ डेसिबल कमी केले की लहरीची उंची जवळजवळ निम्मी होते, १२ कमी केले की पाव, २० कमी केले की एक दशांश. पण आपला कान 'निम्मा झाला' असे साधारण १० डेसिबल उतरल्यावर म्हणतो. म्हणूनच ३ डेसिबल कमी करून 'काही फरकच पडला नाही' असे अनेकांना वाटते. फरक पडलेला असतो, पण थोडाच.

मोबाइल ॲपमध्ये टक्के असतात. सरळ गुणाकार असेल तर ५० टक्के म्हणजे सुमारे -६ डेसिबल. संगीत खरोखर मागे ढकलायचे तर पट्टी १० ते २० टक्क्यांवर न्यावी लागते, आणि तसे करायला घाबरू नका.

३. व्हॉल्यूम ० वर नेला, तरी आवाज येतोच आहे. सॉफ्टवेअर बिघडले का?

नाही. डेसिबलच्या पट्टीवर ० चा अर्थ 'जसा आहे तसा' असा आहे. क्लिप गप्प करायची तर पट्टी अगदी तळाशी न्या किंवा म्यूट करा. टक्क्यांच्या पट्टीवर मात्र ० म्हणजे खरोखर शांतता. दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.

तळाशी नेऊनही आवाज येत असेल, तर तोच आवाज दुसऱ्या एखाद्या ट्रॅकवर (टाइमलाइनवरच्या आडव्या ओळीवर) पडलेला आहे. व्हिडिओपासून ऑडिओ सुटा करताना किंवा क्लिप कॉपी करताना असे होते. एकेक ट्रॅक म्यूट करत गेलात की तो सापडेल.

४. गेन, क्लिपचा व्हॉल्यूम आणि ट्रॅकचा व्हॉल्यूम हे तिन्ही वेगळे आहेत का?

हो, आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रीमियर प्रोमध्ये गेन म्हणजे क्लिप आत येतानाची पातळी. ती इफेक्टच्या आधी लागते आणि तिच्याबरोबर वेव्हफॉर्मची, म्हणजे क्लिपवर दिसणाऱ्या लहरीच्या चित्राची, उंचीही बदलते. क्लिपचा व्हॉल्यूम त्यानंतर येतो, आणि कीफ्रेम (कोणत्या क्षणी आवाज किती हवा ते ठरवणारे बिंदू) त्यावर बसतात. ट्रॅकचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, सर्वात शेवटी, त्या ट्रॅकवरच्या सगळ्या क्लिपना मिळून लागतो.

कामाची पद्धत यातूनच ठरते. क्लिप मुळातच मोठी असेल तर गेन कमी करा. एका क्लिपमध्ये चढउतार हवे असतील तर व्हॉल्यूमवर कीफ्रेम टाका. 'सगळे संगीतच थोडे जास्त आहे' असे शेवटी वाटले तर फक्त संगीताच्या ट्रॅकचा फेडर खाली आणा. हे जमण्यासाठी बोलणे, संगीत आणि आजूबाजूचे आवाज सुरुवातीपासून वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवावे लागतात. एवढी एकच सवय लावून घेतलीत तरी पुढचे तासनतास वाचतात. शॉटकटमध्ये ट्रॅकच्या नावावर क्लिक करून फिल्टर लावला की तो अख्ख्या ट्रॅकला लागतो.

५. निवेदनाखालचे संगीत किती खाली ठेवावे?

बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा. बोलण्याच्या उसळ्या -६ च्या आसपास असतील, तर संगीत -२१ ते -२६ च्या दरम्यान.

हा अंदाज हवेतला नाही. वेब सर्वांना वापरता यावे म्हणून डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने जी नियमावली केली आहे, तिच्यातला १.४.७ हा निकष बोलण्यामागचा आवाज किमान २० डेसिबल खाली असावा असे सांगतो. एक-दोन सेकंदांपुरत्या येणाऱ्या आवाजांना त्यात सूट आहे. ऐकू कमी येणाऱ्यांचा विचार करून तो लिहिलेला आहे. कीर्तन, आरोग्यविषयक माहिती किंवा शेतीसल्ला असे व्हिडिओ घरातली ज्येष्ठ मंडळी आवर्जून पाहतात. वय वाढले की गोंगाटातून शब्द वेगळे काढणे कानाला जड जाते, आणि ही मंडळी तक्रार करत नाहीत, निमूटपणे व्हिडिओ बंद करतात. तिथे फरक २० डेसिबलपेक्षा कमी ठेवूच नका.

संगीतात गायलेले शब्द असतील तर आणखी खाली घ्या, किंवा शब्द नसलेला तुकडा निवडा. बासरी, सारंगी, व्हायोलिन यांचा गाभा माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात येतो. तानपुरा किंवा हलका तबला त्या मानाने बोलण्याला जागा देतो. इक्वलायझर (आवाजाचे जाड-बारीक पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारे साधन) वापरता येत असेल, तर संगीताचा २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग ३-४ डेसिबल दाबा. बोलण्यातली व्यंजने तिथेच उमटतात.

६. मी बोलताना संगीत खाली जावे आणि थांबल्यावर परत वर यावे, हे आपोआप होते का?

होते. त्याला डकिंग म्हणतात. प्रीमियर प्रोच्या इसेन्शियल साउंडमध्ये बोलण्याच्या क्लिपना 'डायलॉग' आणि संगीताला 'म्युझिक' असा शिक्का द्या, म्युझिकखाली डकिंग चालू करा आणि 'जनरेट कीफ्रेम्स' दाबा. आलेले कीफ्रेम नंतर हाताने हलवता येतात, आणि ते हलवावेच लागतात.

यंत्राला वाक्यातला विसावा आणि बोलणे संपणे यांतला फरक कळत नाही. त्यामुळे प्रत्येक स्वल्पविरामाला संगीत वर उसळते आणि व्हिडिओला धाप लागल्यासारखे वाटते. दोन वाक्यांमधली जागा दीड-दोन सेकंदांपेक्षा कमी असेल तर तिथले कीफ्रेम पुसून टाका. संगीत बोलण्याच्या अर्धा सेकंद आधीच खाली यायला लागावे आणि संपल्यावर सावकाश, सेकंदभर घेऊन वर जावे. पाच-सात मिनिटांच्या व्हिडिओला हे काम हातानेच जास्त चांगले होते. कीफ्रेम कसे टाकायचे ते प्रश्न ७ मध्ये आहे.

७. रेसिपी व्हिडिओत कुकरची शिट्टी कानठळ्या बसवते. तेवढाच तुकडा कसा कमी करू?

शिट्टीच्या जागी चार कीफ्रेम लागतात. रिझॉल्व्हमध्ये ट्रॅकची उंची वाढवा म्हणजे वेव्हफॉर्म नीट दिसेल. शिट्टी जिथे सुरू होते तिथे लहर एकदम फुगलेली दिसते. त्या फुगवट्याच्या जरा आधी, ऑल्ट दाबून व्हॉल्यूमच्या रेघेवर क्लिक करा: हा पहिला बिंदू. फुगवट्याच्या कडेला दुसरा. शिट्टी संपते तिथे तिसरा आणि त्याच्या पुढे चौथा. मॅकवर ऑल्टऐवजी ऑप्शन. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या बिंदूमधली रेघ खाली ओढा, आधी १२ डेसिबल, मग कानाने ठरवा. पहिला आणि चौथा बिंदू हलवायचे नाहीत. बाकीच्या क्लिपची पातळी तेच धरून ठेवतात. दोनच बिंदू टाकून एक खाली ओढला की अख्खी क्लिप उताराला लागते, आणि 'नंतरचे सगळे बोलणे गायब झाले' अशी तक्रार येते ती यामुळेच.

शिट्टी पूर्ण मारून टाकू नका. फोडणीची चर्र आणि कुकरची शिट्टी ऐकू आली नाही तर स्वयंपाकघर निर्जीव वाटते. ती खालच्या आवाजात असली की पुरे.

शिट्टीच्या वेळी तुम्ही बोलत असाल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण बोलणेही तिच्याबरोबर खाली जाते. वाफेचा फुसफुसाट जवळजवळ सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे इक्वलायझरनेही तो वेगळा निघत नाही. ते एक वाक्य शांत खोलीत पुन्हा बोलून वर ठेवा.

मोबाइल ॲपमध्ये कीफ्रेम सापडत नसतील, तर शिट्टीच्या आधी आणि नंतर क्लिप कापा आणि मधल्या तुकड्याचा आवाज कमी करा. मग प्रश्न ८ वाचा.

८. क्लिप कापली तिथे 'टक्' असा आवाज येतो. तो कसा घालवू?

लहर मधूनच तुटल्यामुळे तो येतो. जोडावर दोन-तीन फ्रेमचा ऑडिओ क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढतो असा जोड) टाका. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा फेड कुणाला जाणवतही नाही.

९. फक्त आवाज कापायचा आहे, पण चित्रही कापले जाते.

दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवे क्लिक करून 'लिंक क्लिप्स'ची खूण काढा, प्रीमियरमध्ये 'अनलिंक', शॉटकटमध्ये 'डिटॅच ऑडिओ'. काम झाल्यावर रिझॉल्व्ह आणि प्रीमियरमध्ये पुन्हा जोडून ठेवा. नाहीतर पुढच्या कापाकापीत ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

१०. मिरवणुकीतल्या ढोल-ताशाचा आवाज फाटला आहे. कमी केला तर सुधारेल का?

नाही. कमी केल्यावर फाटलेला आवाज हळू ऐकू येईल, एवढेच. रेकॉर्डिंग होतानाच लहर छताला धडकली आणि तिचे माथे कापले गेले. जवळून पाहिलेत तर वेव्हफॉर्मची टोके सपाट दिसतील. कापलेला भाग फाइलमध्ये नाहीच. 'डीक्लिप' नावाची साधने उरलेल्या लहरीवरून तो अंदाजाने भरतात. क्वचित एखादा ठोका फाटला असेल तर ती छान काम करतात, पण टिपरू पडताना प्रत्येक ठोका फाटला असेल तर फारसे काही हाती लागत नाही.

अपवाद एकच. रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करत असेल तर ० च्या वर गेलेला भागही फाइलमध्ये शाबूत राहतो, आणि गेन कमी केला की लहर पूर्ववत दिसते. मात्र माइकच त्या दणक्याने कोलमडला असेल तर तिथेही इलाज नाही.

पुढच्या वेळी पथकाच्या अगदी पुढ्यात उभे राहू नका, आणि रेकॉर्डरवर उसळ्या -१२ च्या आसपास राहतील अशी पातळी ठेवा. फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप बदलते, त्यामुळे ठोक्यानंतर लगेच बोललेले शब्द दबलेले येतात. ते प्रश्न ७ च्या पद्धतीने उलट दिशेने, म्हणजे वर उचलून दुरुस्त करावे लागतात. आम्ही तर सांगू की मिरवणुकीत निवेदन करूच नका. चित्र आणि ढोल तिथे घ्या, बोलणे घरी येऊन रेकॉर्ड करा.

११. पंख्याचा आवाज येतो म्हणून व्हॉल्यूम कमी केला, तर माझे बोलणेही गेले.

दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेले असल्यामुळे एकत्रच खाली जातात. पंखा, एसी, फ्रिज यांची घरघर एकसारखी असते, आणि नॉइज रिडक्शनला अशीच घरघर ओळखता येते. आधी ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढा, मग नॉइज रिडक्शन अगदी बेताने लावा. जास्त लावले की बोलणे पाण्याखालून आल्यासारखे वाटते. थोडी घरघर राहिली तरी चालेल.

१२. प्रत्येक क्लिपचा आवाज वेगळा आहे. सगळ्या एका पातळीवर कशा आणू?

नॉर्मलाइज करा, पण कोणत्या मापाने ते पाहून. पीकच्या मापाने केले तर सॉफ्टवेअर फक्त सर्वात मोठी उसळी पाहते. मुलाखतीत एक टाळी किंवा खोकला असला की तोच मापदंड ठरतो आणि बोलणे खालीच राहते. एलयूएफएस हे माप सबंध ऐकण्याचा जोर मोजते, म्हणून बोलण्यासाठी तेच घ्या. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवे क्लिक करून 'नॉर्मलाइज ऑडिओ लेव्हल्स' निवडा. अनेक क्लिप निवडल्या असतील तर 'इंडिपेंडंट' घ्या, म्हणजे प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्र होईल. शॉटकटमध्ये 'नॉर्मलाइज: टू पास' लावून 'ॲनलाइज' दाबायला विसरू नका.

लग्नाच्या चित्रीकरणात हे सगळे करूनही हात लावावाच लागतो. मंगलाष्टके लाउडस्पीकरमधून येतात आणि पाठवणीच्या वेळचे आईचे बोलणे जेमतेम ऐकू येते. त्या दोन्ही एका पातळीवर आणणे चुकीचे ठरेल. मंगलाष्टके खाली घ्या, बोलणे थोडे उचला, आणि दोन्हींत फरक राहू द्या.

१३. यूट्यूबवर टाकायचे तर शेवटची पातळी किती असावी?

सुमारे -१४ एलयूएफएस, आणि ट्रू पीक, म्हणजे लहरीची खरी सर्वात मोठी उसळी, -१ च्या खाली. यूट्यूब याहून मोठे व्हिडिओ वाजवताना तेवढे खाली आणते, हळू असलेल्यांना मात्र वर उचलत नाही. त्यामुळे आवाज ठासून मोठा केल्याचा फायदा शून्य, उलट कॉम्प्रेशनमुळे तो चेपलेला ऐकू येतो.

चालू व्हिडिओवर उजवे क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कंटेंट लाउडनेसपुढे ४ डीबी दिसले तर तुमचा व्हिडिओ ४ डेसिबलने जास्त आहे आणि तेवढाच खाली आणून वाजवला जातो आहे. उणे आकडा असेल तर तो तसाच हळू वाजतो.

टीव्हीचे मापदंड वेगळे आहेत. युरोपातल्या प्रसारणासाठी २०१० मध्ये आलेल्या ईबीयू (युरोपातल्या प्रसारकांची संघटना) आर १२८ या मापदंडात -२३ एलयूएफएस धरतात. शॉटकटच्या नॉर्मलाइज फिल्टरमध्ये आधीपासून हाच आकडा असतो, यूट्यूबसाठी तो बदला. वाहिनीला काम देणार असाल तर त्यांचा आकडा लेखी मागून घ्या.

१४. प्रत्येक ट्रॅक हिरव्यात आहे, तरी मुख्य मीटर लाल का होतो?

आवाजांची बेरीज होते. सारख्याच जोराचे दोन वेगळे आवाज एकत्र आले की पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते, आणि एकच क्लिप चुकून दोन ट्रॅकवर असेल तर ६ ने. मुख्य फेडर खाली ओढण्याआधी कोणता ट्रॅक अनावश्यक वर आहे ते पाहा. बहुतेकदा ते संगीत असते (प्रश्न ५). सगळे जमल्यावर अधूनमधून येणाऱ्या उसळ्यांसाठी मुख्य ट्रॅकवर -१ चा लिमिटर (त्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारे साधन) ठेवा.

१५. आवाज कमी केला, पण एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये तो पूर्वीइतकाच आहे.

तीन कारणे दिसतात. पहिले, तुम्ही प्लेअरजवळची स्पीकरची पट्टी कमी केलीत. ती फक्त तुमच्या ऐकण्यासाठी असते, फाइलशी तिचा संबंध नाही. दुसरे, एक्स्पोर्टच्या खिडकीत नॉर्मलाइज चालू आहे आणि ते सगळे पुन्हा वर उचलते. तिसरे, कमी केल्यानंतर कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून चढउतार कमी करणारे साधन) लागतो आहे आणि त्याचा मेकअप गेन, म्हणजे दाबल्यावर पातळी पुन्हा वर उचलणारी सोय, तुमची मेहनत पुसतो आहे. शॉटकटमध्ये फिल्टर वरून खाली या क्रमाने लागतात, तेव्हा व्हॉल्यूमचा फिल्टर कॉम्प्रेसरच्या खाली न्या.

उलटा प्रकारही होतो: विंडोजवर एडिटिंग चालू असताना कॉल आला आणि सगळाच आवाज एकदम पडला. साउंडच्या जुन्या चौकटीत 'कम्युनिकेशन्स' टॅबवर कॉलच्या वेळी बाकीचे आवाज ८० टक्के कमी करण्याची सोय चालू असते. तिथे 'डू नथिंग' निवडा. त्या पडलेल्या आवाजावर विसंबून मिक्स केलेत तर सगळे चुकेल.

१६. हेडफोनवर बोलणे छान येते, फोनच्या स्पीकरवर ते जवळजवळ नाहीसे होते. संगीत मात्र ऐकू येते.

हा सर्वात फसवा प्रकार आहे, आणि व्हॉल्यूमशी कितीही खेळलात तरी सुटत नाही. बोलण्याचा डावा आणि उजवा चॅनेल एकमेकांच्या उलट आहेत: एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळे आवाज जातात म्हणून कळत नाही. एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्हींची बेरीज होते आणि ते एकमेकांना खातात. माइकची वायर किंवा जोडणीचा ॲडॉप्टर चुकीचा असला की असे रेकॉर्डिंग येते.

उपाय सोपा आहे. एकच चॅनेल घ्या आणि तोच दोन्ही बाजूंना द्या. प्रीमियरमध्ये 'फिल राइट विथ लेफ्ट', शॉटकटमध्ये 'कॉपी चॅनेल', रिझॉल्व्हमध्ये 'क्लिप ॲट्रिब्यूट्स'मध्ये जाऊन ऑडिओ मोनो करून एक चॅनेल निवडा. बोलणे एकाच कानात येत असेल तरी हाच उपाय.

१७. गाण्याचा आवाज अगदी कमी ठेवला तर कॉपीराइटचा दावा टळतो का?

नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा बोलण्यामागे हळू वाजणारे गाणेही बऱ्याचदा ओळखते. आणि तिने ओळखले नाही म्हणून वापरण्याचा हक्क मिळत नाही. वरातीत बँडने वाजवलेले गाणे चित्रीकरणात आपोआप आले असेल, तर तो भाग प्रश्न ७ च्या पद्धतीने पूर्ण शांत करा आणि त्याजागी परवाना असलेले संगीत ठेवा.

१८. तीन तासांच्या कीर्तनाचा आवाज जास्त आहे. चित्राला हात न लावता फक्त आवाज कमी करता येईल का?

येईल. एफएफएमपेग या मोफत साधनात व्हिडिओचा प्रवाह जसाच्या तसा कॉपी करायला आणि फक्त ऑडिओ ६ डेसिबल कमी करून पुन्हा एन्कोड करायला सांगता येते. चित्राचा दर्जा तसूभरही घसरत नाही, आणि एडिटरमधून एक्स्पोर्ट करायला जो वेळ लागला असता त्याच्या अगदी थोड्या भागात काम होते. आदेश टाइप करावा लागतो म्हणून बिचकू नका, तो एका ओळीचा असतो.

आवाज फाटलेला असेल तर अर्थातच याने तो सुधारणार नाही (प्रश्न १०). नवी फाइल झाल्यावर ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडून पाहा. टाळ आणि हात जुळत असतील तरच जुनी फाइल पुसा.